घरात कोंबड्या, गच्चीवर कबुतरे. नियम काय सांगतात?

शहरातील घरात चार कोंबड्या किंवा गच्चीवर कबुतरांची ढाबळ ठेवता येते का, हा प्रश्न बहुतेकदा शेजाऱ्यांशी खटका उडाल्यानंतरच विचारला जातो. मे २०१९ मध्ये पुण्याच्या सोमवार पेठेत पहाटे आरवणाऱ्या कोंबड्यामुळे झोपमोड होत असल्याचा तक्रार अर्ज थेट पोलिस ठाण्यात पोचला, तेव्हा त्याची चर्चा हसण्यावारी झाली. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद मात्र उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कबुतरखान्यांबाबतचे आदेश आणि घरी कबुतरे पाळणे या दोन गोष्टींची त्यात सहज गल्लत होते.

या वादाला दोन बाजू आहेत. चाळीत, वस्तीत किंवा शहरालगतच्या गावठाणात राहणाऱ्या कुटुंबाला कोंबड्यांपासून घरची अंडी आणि अडीनडीला चार पैसे मिळतात. कबुतरे उडविणाऱ्यांचा छंद तर कित्येक घरांत दोन-तीन पिढ्यांचा आहे. दुसरीकडे, शेजारच्या घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल, तर विष्ठा, पिसे आणि दुर्गंधी हा त्यांच्या आरोग्याचा प्रश्न ठरतो. कायद्याने या दोन्ही बाजूंची दखल घेतली आहे. मात्र त्यासाठीच्या तरतुदी एकाच ठिकाणी नसून अनेक कायद्यांत विखुरलेल्या आहेत.

स्वतंत्र कायदा नाही, कळीचा शब्द 'उपद्रव'

घरगुती वापरासाठी किती कोंबड्या किंवा कबुतरे पाळावीत, हे सांगणारा एकच एक कायदा महाराष्ट्रात नाही. या विषयावर सर्वांत आधी लागू होतो तो त्या त्या स्थानिक स्वराज्य संस्थेचा कायदा. मुंबईसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. राज्यातील अन्य महापालिकांसाठी १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. नगरपालिका व नगरपंचायतींसाठी १९६५ चा अधिनियम, तर गावांसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम.

मुंबईच्या कायद्यातील कलम ३८४ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय डुकरे पाळण्यास या कलमाने मनाई केली आहे. कोंबडी किंवा कबूतर यांचे नाव तेथे नाही. मात्र कोणताही प्राणी आपल्या जागेत उपद्रव होईल किंवा कोणाला धोका पोचेल अशा रीतीने ठेवता येणार नाही, असे हेच कलम सांगते. याचा अर्थ असा, की पाळण्यावर सरसकट बंदी नाही. बंदी आहे ती पाळण्यातून होणाऱ्या उपद्रवावर.

उपद्रवाची याच कायद्यातील व्याख्याही व्यापक आहे. ज्या कृतीमुळे, चुकीमुळे, जागेमुळे किंवा वस्तूमुळे इजा, धोका, त्रास होतो अथवा होण्याची शक्यता असते, जी दृष्टीला, घ्राणेंद्रियाला किंवा कानांना अप्रिय ठरते, किंवा जी जीविताला, आरोग्याला अथवा मालमत्तेला घातक ठरू शकते, ती उपद्रवात मोडते. त्यामुळे शेजाऱ्याला प्रत्यक्ष आजार होईपर्यंत थांबण्याची गरज नसते. उन्हाळ्यात असह्य होणारी दुर्गंधी किंवा पाण्याच्या टाकीवर पडणारी विष्ठा एवढ्यावरूनही महापालिका नोटीस बजावू शकते. उलट, दोन कोंबड्या स्वच्छ ठेवणाऱ्यावर केवळ 'आम्हाला आवडत नाही' म्हणून कारवाई होणे अवघड असते.

दाणे टाकणे वेगळे, पाळणे वेगळे

शहरातील इमारतींच्या वळचणीला राहणारे पारवे कोणाच्याही मालकीचे नसतात. ढाबळीतील कबुतरांना मात्र मालक असतो आणि त्यांची जबाबदारीही त्याच्यावर असते. नियमांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश महापालिकेला देण्यात येतील, असे राज्य सरकारने ३ जुलै २०२५ रोजी विधान परिषदेत सांगितले. पाठोपाठ मुंबई उच्च न्यायालयाने जुलैअखेर, मनाई मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करण्याचे निर्देश दिले. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला व त्यावरून आंदोलनही झाले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला या प्रकरणात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यानंतर ऑक्टोबरअखेर महापालिकेने चार जागी, सकाळच्या मर्यादित वेळेत व तात्पुरत्या स्वरूपात दाणे टाकण्यास मुभा दिली.

हे सारे आदेश सार्वजनिक जागेत पारव्यांना खाऊ घालण्याविषयी होते. त्यांनी घरातील ढाबळींना हात लावला नाही. मात्र ढाबळीच्या मालकाने रस्त्यावर, सामाईक गच्चीवर किंवा खिडकीबाहेर दाणे पसरले, तर तोही दाणे टाकणाऱ्यांतच गणला जाईल. नेमून न दिलेल्या ठिकाणी पशुपक्ष्यांना खाऊ घातल्यास ५०० रुपये दंडाची तरतूद मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छताविषयक उपविधींत करण्यात आली. कबुतरांना दाणे ढाबळीच्या आतच द्यावेत, हा नियम म्हणूनच छंदापेक्षा कायद्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

कोणता पक्षी पाळता येत नाही?

देशी कोंबडी, गिरिराज, वनराज, कडकनाथ अशा कोंबड्या तसेच लक्का, शिराजी, होमर, गिरेबाज ही कबुतरे पाळीव समजली जातात. ती पाळण्यास वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही. मात्र जंगलातून पकडून आणलेला रानकोंबडा किंवा महाराष्ट्राचा राज्यपक्षी असलेला हरियल घरात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. पक्षी जखमी अवस्थेत सापडला असला, तरी तो वन विभागाच्या स्वाधीन करणे आवश्यक असते. हरियल हे कबुतरांच्याच कुळातील असल्याने 'साधे कबूतर आहे' असा बचाव केला जातो. तो टिकत नाही. पोपट, मुनिया यांनाही हाच कायदा लागू आहे.

पक्षी विकत घेताना दुकानाची नोंदणी पाहणे हिताचे ठरते. पाळीव प्राणी व पक्षी विकणाऱ्या दुकानांना २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

खुराडे, ढाबळ आणि बांधकाम

पक्षी ठेवला म्हणजे त्याच्या सुखसोयीची जबाबदारीही आली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात 'प्राणी' या शब्दात मानवाखेरीज प्रत्येक सजीव येतो. पक्ष्याला हालचाल करण्याइतकी उंची, लांबी व रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात कोंडणे, पुरेसे अन्नपाणी किंवा निवारा न देणे हे कलम ११ नुसार गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी कायद्यात ठरविलेला दंड १० ते ५० रुपये इतका किरकोळ आहे व त्यावर सातत्याने टीका होत आली आहे. मात्र तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

कोंबड्यांच्या झुंजी लावणे याच कलमाखाली येते. सार्वजनिक रस्त्यावर झुंज लावल्यास १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखालीही पोलिस कारवाई करू शकतात. झुंजीसाठी कोंबडा 'पाळणे' आणि तो झुंजीत उतरविणे यांतील सीमारेषा पुसट असल्याने अशा प्रकारांपासून दूर राहणेच श्रेयस्कर.

कोंबड्यांचे खुराडे लाकडी व उचलता येण्याजोगे असेल, तर बांधकाम परवानगीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. गच्चीवर विटा, सिमेंट किंवा लोखंडी सांगाडा व पत्रे वापरून कायमस्वरूपी ढाबळ उभारली, की मात्र ते बांधकाम ठरते. परवानगीविना केलेल्या अशा बांधकामावर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली पाडकामाची नोटीस येऊ शकते. ढाबळीवरील कारवाई अनेकदा कबुतरांमुळे नव्हे, तर पत्र्याच्या शेडमुळे होते, हे लक्षात घ्यावे.

सोसायटी, चाळ आणि भाड्याचे घर

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इतर सभासदांना त्रास, गैरसोय किंवा उपद्रव होईल असे काहीही सभासदाने आपल्या सदनिकेत करू नये, अशी अट असते. सामाईक गच्ची, जिना, मोकळी जागा ही कोणा एकाची नसल्याने तेथे खुराडे ठेवण्यासाठी संस्थेची परवानगी लागतेच. सदनिका स्वतःची असली, तरी वरच्या मजल्यावरची गच्ची आपोआप आपली होत नाही.

पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, अशा आशयाच्या मार्गदर्शक सूचना भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढल्या होत्या. त्यांचा हवाला कोंबड्यांच्या बाबतीतही दिला जातो. मात्र त्या सूचनांचा रोख प्रामुख्याने कुत्री व मांजरे यांच्याकडे होता. शिवाय उपद्रव करण्याची मुभा त्या कोणालाच देत नाहीत.

भाडेकरूंनी अधिक सावध राहावे. भाडेकरूच्या वर्तनाने शेजाऱ्यांना उपद्रव होत असल्यास ते घर रिकामे करून मागण्याचे एक कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम १६ ने मान्य केले आहे. भाडेकराराने घर घेतलेल्यांनी करारातील अटी आधी वाचाव्यात आणि घरमालकाची संमती लेखी घ्यावी.

कोंबड्याच्या आरवण्याचे काय?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे; रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. कोंबडा नेमका पहाटेच आरवतो आणि त्याला गप्प बसविणारा उपाय नाही. ध्वनिमापक घेऊन कोंबड्यावर कारवाई होणे दुर्मीळच; पण वारंवार होणारा आवाज उपद्रवाच्या व्याख्येत बसतो.

यावर साधा तोडगा आहे. कोंबडी अंडी देण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. कोंबडा लागतो तो अंड्यांतून पिल्ले हवी असतील तरच. दाट वस्तीत केवळ अंड्यांसाठी पक्षी पाळणाऱ्यांनी फक्त तलंगा म्हणजे माद्याच ठेवल्या, तर पहाटेच्या तक्रारीचे मूळच नाहीसे होते.

बर्ड फ्लू : लपविल्यास गुन्हा

घरगुती कोंबड्यांकडे सरकारी यंत्रणेचे लक्ष वळले ते बर्ड फ्लूमुळे. देशातील पाळीव पक्ष्यांमधील या रोगाचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. तेव्हा पोल्ट्रीतील लाखो पक्ष्यांबरोबर आसपासच्या गावांतील घरगुती कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा, तर जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे हा रोग आढळला. परसातील चार कोंबड्याही रोगाच्या साखळीतील दुवा ठरू शकतात, हे या घटनांनी दाखविले.

प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांना आळा घालण्यासाठीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचीतील रोगाची शंका आली, तरी ती कळविणे मालकाचे कर्तव्य आहे. बर्ड फ्लू आणि राणीखेत म्हणजे मानमोडी हे दोन्ही रोग या अनुसूचीत आहेत. माहिती ग्रामपंचायतीला, स्थानिक अधिकाऱ्याला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावरही ती देता येते. आजारी पक्षी वेगळे ठेवणे व ते अन्यत्र न हलविणे हेही मालकावर बंधनकारक आहे. नमुने तपासणीसाठी भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत पाठविले जातात.

रोग निश्चित झाल्यास साधारणपणे एक किलोमीटर परिसर बाधित क्षेत्र ठरवून तेथील पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी केली जाते. पक्षी निरोगी दिसत असला, तरी मालकाला तो राखून ठेवता येत नाही. नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी सरकारी दराने भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांसाठी मिळत नाही. म्हणजे माहिती दडविणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते. शिवाय निष्काळजीपणाने जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैदेस पात्र असलेला गुन्हा आहे.

विष्ठेचा धोका कोणाला?

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काही जणांच्या फुप्फुसांना अॅलर्जीची सूज येते. वेळीच निदान झाले नाही, तर फुप्फुसे कायमची आकसू शकतात. साचलेल्या विष्ठेत क्रिप्टोकोकस ही बुरशी वाढते आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तिच्यापासून मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. सर्वाधिक धोका शेजाऱ्याला नव्हे, तर रोज ढाबळ झाडणाऱ्या मालकाला असतो. कोरडा खोकला व धाप दीर्घकाळ राहिल्यास डॉक्टरांना 'घरी कबुतरे आहेत' हे आवर्जून सांगावे.

छंदाचा व्यवसाय कधी होतो?

शेजाऱ्याला चार अंडी देणे वेगळे आणि अंडी, पिल्ले किंवा पक्षी नियमितपणे विकणे वेगळे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम ३७६ नुसार विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी किंवा उत्पादनाच्या विक्रीसाठी जनावरे अथवा पक्षी ठेवल्यास आयुक्तांचा परवाना लागतो. अंडी किंवा मांस विकण्याचा व्यवसाय करायचा झाल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीही आवश्यक ठरते.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम मात्र मोठ्या पोल्ट्रींसाठी आहेत. केंद्रीय मंडळाने पाच हजार ते २५ हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीला 'लहान' म्हटले आहे आणि २५ हजारांहून अधिक पक्षी असलेल्या पोल्ट्रींना जानेवारी २०२३ पासून संमतिपत्राच्या कक्षेत आणले. परसातील कुक्कुटपालन त्यात येत नाही. उलट, अशा पालनाला सरकारचे प्रोत्साहन आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्यावर्गीय पक्ष्यांपैकी जवळपास ३२ कोटी पक्षी परसातील होते. महाराष्ट्रातील संख्या साडेसात कोटींच्या आसपास होती.

तक्रार कोठे करावी?

तक्रारीची पहिली पायरी शेजाऱ्याशी बोलणे हीच असावी. त्याने प्रश्न न सुटल्यास सोसायटीकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. सभासद व संस्था यांच्यातील वाद सहकार न्यायालयात नेता येतो. दुर्गंधी, अस्वच्छता किंवा डासांचा प्रश्न असल्यास महापालिकेच्या विभाग कार्यालयातील आरोग्य किंवा घनकचरा विभागाकडे छायाचित्रांसह अर्ज करावा. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनाही आहे.

तक्रारदाराने कायदा हातात घेऊ नये. पक्ष्यांना विष घालणे किंवा ठार मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पाळणाऱ्यानेही नोटीस आल्यास ती बाजूला न टाकता मुदतीत उत्तर द्यावे आणि केलेल्या सुधारणांची छायाचित्रे जोडावीत.

पाळणाऱ्यांनी हे करावे

- पक्षी आणण्यापूर्वी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचे उपविधी तसेच सोसायटीचे उपविधी पाहावेत.
- प्रत्येक कोंबडीला खुराड्यात साधारण दोन चौरस फूट जागा मिळेल एवढेच पक्षी ठेवावेत.
- खुराडे शेजाऱ्याची खिडकी, विहीर व पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवावे. रात्री ते बंद करावे.
- विष्ठा रोज काढावी. काढण्यापूर्वी पाणी शिंपडावे, तोंडाला मास्क लावावा. ती गटारात न टाकता खतासाठी वापरावी.
- दाणे बंद भांड्यात ठेवावेत. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर-घुशी येतात व तक्रारींचे तेही एक मोठे कारण असते.
- मानमोडी, देवी या रोगांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात व नोंद ठेवावी.
- मेलेला पक्षी कचराकुंडीत किंवा नाल्यात न टाकता चुना घालून खोल पुरावा. एकाच वेळी अनेक पक्षी मेल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.
- कोंबड्या व कबुतरे एकत्र ठेवू नयेत. त्यांचा पारवे, कावळे यांच्याशी संपर्क येऊ देऊ नये.

घरी किती पक्षी पाळावेत याचा आकडा कायद्याने दिलेला नाही. तो आकडा प्रत्येकाने आपल्या जागेवरून आणि रोज होणाऱ्या साफसफाईवरून ठरवायचा आहे. जेवढे पक्षी शेजाऱ्याला वास, धूळ व झोपमोडीचा त्रास न होता सांभाळता येतात, तेवढेच पाळणे कायद्याला धरून होईल.